२६ तुकडे उरले आणि ५ जण उपाशी राहिले: एका पिझ्झा-ऑर्डरचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्वयंसेवकांचा एक गट. वर्षातून तीन-चार वेळा दुपारी दोन ते रात्री आठ असं प्रशिक्षण सत्र घेतो आणि मध्ये, साडेसहाच्या सुमारास, सगळे तिथेच जेवतात. खोली भाड्याची असल्यामुळे स्वयंपाकाची सोय नसते. ताटं-वाट्या धुवायला कोणाला वेळ नसतो. म्हणून पिझ्झा. हात पुसायला कागद दिला की काम भागतं.

खाण्याची जबाबदारी त्या वेळी माझ्यावर होती. सत्राच्या समन्वयकांना आम्ही सगळे ताई म्हणतो, इथेही तेच म्हणेन. बाकी ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. आकडे मात्र खरे आहेत. कोणी किती तुकडे खाल्ले हे आम्ही दुसऱ्या दिवशी फोनवर विचारून जुळवलं, त्यामुळे त्यात दोन-चार तुकड्यांची चूक धरून चाला.

आधीची फजिती

या सत्राच्या आधीच्या सत्राला ४० जण होते आणि १० मीडियम पिझ्झे मागवले होते. मागवणाऱ्याने सरळ हिशेब केला होता: एका पिझ्झ्याचे आठ तुकडे, म्हणजे एकूण ८०, म्हणजे माणशी दोन. वर एखाद्याला तिसरा लागलाच तर दुसरा कोणीतरी एकावर थांबेल. पंधरा मिनिटांत सगळे बॉक्स रिकामे झाले. रांगेच्या शेवटी असलेल्यांनी झाकणाला चिकटलेलं चीज खरवडून खाल्लं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतोय.

त्यावरून गटात एकच बोध घेतला गेला: "कमी पडलं, पुढच्या वेळी जास्त मागवा." ताईंनीही मला तेच सांगितलं. "अरे, चाळीस जणांना दहा पुरले नाहीत. या वेळी पन्नासच्या वर नावं आहेत. वीस सांग आणि मोकळा हो."

मी मोकळा झालो नाही, कारण जुनी पावती काढून बघितली तर ते मीडियम १० इंची निघाले. १० इंच व्यासाच्या पिझ्झ्याचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस इंच. १२ इंचीचं ११३. व्यासात फरक दोनच इंचांचा, पण पिझ्झा ४४ टक्के मोठा, कारण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. तुकडे दोन्हींचे आठच करतात. म्हणजे "आठ तुकडे" म्हटल्यावर पोटाच्या हिशेबात काहीच सांगितलेलं नसतं. त्या दिवशी माणशी जेमतेम २० चौरस इंच आले होते. १२ इंचीचे तीन तुकडे हे एका भुकेल्या मोठ्या माणसाचं जेवण धरलं, तर ४२ लागतात. निम्मंसुद्धा मिळालं नव्हतं.

(पिझ्झ्याच्या त्रिज्येला झेड आणि जाडीला ए म्हटलं, तर त्याचं घनफळ पाय-झेड-झेड-ए भरतं. गणितवाल्यांचा हा जुना विनोद मी बैठकीत सांगितला. कोणी हसलं नाही.)

या वेळचा प्रश्न

नावं ५४ आली होती. ४८ मोठी माणसं आणि सोबत येणारी ६ मुलं. नोंदणीच्या फॉर्ममध्ये १४ जणांनी व्हेज लिहिलं होतं. त्यांतल्या एकींना दूध-चीज अजिबात चालत नव्हतं. ग्लुटेन (गव्हा-मैद्यातलं प्रथिन) टाळणाऱ्या एक जण वेगळ्या होत्या. त्यांनी स्वतःच कळवलं की जिथे दिवसभर मैदा उडतो त्या भट्टीतला "ग्लुटेन-फ्री" पिझ्झा त्या खात नाहीत, स्वतःचं आणतील. हे मला आधी माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर मी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी एक वेगळा मागवून ठेवला असता आणि तो त्यांना खाता आला नसता.

दुकानात १२ आणि १६ इंची असे दोनच आकार मिळत होते. ऑर्डर आदल्या दिवशी द्यायची होती.

पर्याय

पहिला पर्याय पाठ असलेल्या सूत्राचा. माणशी तीन तुकडे, पिझ्झ्याचे आठ, म्हणजे माणसांच्या संख्येला तीन-अष्टमांशाने गुणायचं. ५४ ला २०.२५, म्हणजे २१ पिझ्झे. सूत्र वाईट नाही, पण ते १२ ते १४ इंची पिझ्झा गृहीत धरतं आणि नाव दिलेला प्रत्येक माणूस येणार असंही धरतं.

येत नाहीत. मागच्या तीन सत्रांच्या याद्या आणि हजेरी ताडून पाहिली, तर नाव देणाऱ्यांपैकी साधारण ८५ टक्के प्रत्यक्षात आले होते. त्या हिशेबाने ५४ चे ४६. यावर ताईंचं म्हणणं वेगळं होतं. "नेमके या वेळी सगळे आले तर?" ही भीती रास्त होती. उरलेला पिझ्झा डोळ्यांवर येतो, पण एखाद्याला उपाशी बसवणं मनात राहतं. दोन्ही चुका सारख्या वजनाच्या नसतात, आणि म्हणून हिशेब नेहमी थोडा वरच्या बाजूला झुकवायचा, हे मलाही मान्य होतं. वाद फक्त किती झुकवायचा याचा होता.

शेवटी चौरस इंचांवर आलो. ४१ मोठी माणसं गुणिले ४२, अधिक ५ मुलं गुणिले २८ (मुलाला दोन तुकडे). बेरीज १,८६२.

दुसरा प्रश्न आकाराचा. १६ इंचीचं क्षेत्रफळ २०१ चौरस इंच, म्हणजे १२ इंचीच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्त. मोठ्यात कडाही कमी जाते. एक इंच रुंद कोरडी कडा धरली, तर १२ इंचीतला ३१ टक्के भाग नुसती कडा असतो, १६ इंचीत २३ टक्के. मुलं कडा टाकतात, हे कचऱ्याचा डबा बघितलेल्या कोणालाही विचारा. सगळेच मोठे मागवावेत असा मोह झाला होता. पण मग दहाच बॉक्स झाले असते आणि प्रकार मोजकेच ठेवावे लागले असते. शिवाय चीज नको असलेल्या एका व्यक्तीसाठी २०१ चौरस इंच मागवायचे की काय?

म्हणून मिश्र ऑर्डर: ७ मोठे, ५ लहान. एकूण १,९७२ चौरस इंच. गरजेपेक्षा ११० जास्त, म्हणजे जवळजवळ एक लहान पिझ्झा हाताशी.

मोठ्यांचे आठऐवजी बारा तुकडे करायला सांगितलं. हा त्यातल्या त्यात चांगला निर्णय होता. १६ इंचीचा आठवा भाग २५ चौरस इंचांचा येतो, कागदी प्लेटच्या बाहेर लोंबतो, आणि माणूस तो अर्धा खाऊन ठेवून देतो. बाराव्या भागाचा तुकडा पावणेसतरा चौरस इंचांचा, लहान पिझ्झ्याच्या तुकड्याच्या जवळपास. उभ्याने, गप्पा मारत खाता येतो.

व्हेजची वाटणी

इथे चूक झाली, आणि ती करताना मला ती चूक वाटली नव्हती.

फॉर्मनुसार १४ व्हेज. ८५ टक्क्यांनी १२. बारा जणांना ४२ प्रमाणे ५०४ चौरस इंच. मी दोन मोठे (एक नुसत्या चीजचा, एक भाज्यांचा), एक लहान भाज्यांचा आणि एक लहान बिनचीजचा असे धरले. बेरीज ६२८. पाचशे चार हवेत, सहाशे अठ्ठावीस देतोय, म्हणजे चोवीस-पंचवीस टक्के जास्तच. उरलेले ५ मोठे आणि ३ लहान नॉनव्हेज. ताईंनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "व्हेजवाल्यांना पुरेल ना?" मी म्हटलं, "भरपूर."

व्हेज पिझ्झा फक्त व्हेजवालेच खातात असं मी गृहीत धरलं होतं. आणि गंमत म्हणजे मी स्वतः नॉनव्हेज खातो आणि आजवर एकाही पिझ्झा-पार्टीत नुसत्या चीजचा तुकडा सोडलेला नाही.

त्या दिवशी

ऑर्डर ६.२५ ला आली. सत्र लांबलं, जेवायला सुटलो ६.५० ला. मी बारा बॉक्स लांब टेबलावर मांडले आणि व्हेज चारही रांगेच्या सुरुवातीला ठेवले. कारण? व्हेजवाल्यांना पुढे जाऊन शोधत बसायला नको. प्रत्येक बॉक्सच्या झाकणावर मार्करने प्रकार लिहिला होता, पण उघडल्यावर झाकणं मागे पडली आणि मजकूर टेबलाकडे तोंड करून बसला.

रांगेतला प्रत्येक माणूस आधी त्या चार बॉक्सवरून गेला. भूक लागलेली, प्लेट रिकामी, समोर गरम पिझ्झा. बहुतेकांनी "एक हा घेऊन बघू" म्हणत एक उचलला आणि मग पुढे सरकले. यात कोणाचा दोष नाही. मीही रांगेत असतो तर तेच केलं असतं.

सात वाजता चारही व्हेज बॉक्स रिकामे होते.

रांगेच्या शेवटी कोण असतं? खुर्च्या हलवणारे, प्रोजेक्टर बंद करणारे, मुलांचे हात धुऊन आणणारे. म्हणजे ज्यांनी काम केलं ते. त्यांच्यात पाच जण व्हेज होते. एक जण प्लेट हातात घेऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि प्लेट पुन्हा गठ्ठ्यावर ठेवून दिली. मी हे पाहिलं, पण मला वाटलं त्यांचं खाऊन झालंय.

बिनचीजचा बॉक्ससुद्धा कुतूहलाने संपला होता. ज्यांच्यासाठी तो होता त्यांना त्यातला एक तुकडा मिळाला.

सात वाजून पाच मिनिटं

कळलं तेव्हा ७.०५ झाले होते. टेबलावर अजून गरम पिझ्झा होता, पण सगळा नॉनव्हेज. पुढचं सत्र ७.२० ला सुरू होणार होतं.

कोणीतरी सुचवलं की वरचं मांस काढून द्यावं. ताईंनी ते वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही, आणि बरोबर केलं. खाणाऱ्याच्या दृष्टीने तो तुकडा व्हेज होत नाही, आणि "काढून खा ना" हे ऐकावं लागणं उपाशी राहण्यापेक्षा वाईट असतं.

दुसरी सूचना सत्र अर्धा तास पुढे ढकलण्याची होती. खोली आठला रिकामी करायची असल्याने ती बारगळली. तिसरी, जवळपास मिळेल ते फळ-ब्रेड आणण्याची. ही मी मोडीत काढली, कारण मला दोन ताजे पिझ्झे मागवणं जास्त सन्मानाचं वाटलं. ७.०८ ला दोन लहान व्हेज सांगितले. ते ७.५० ला आले. तोवर पाचांतले दोघे निघून गेले होते. उरलेल्या तिघांनी मिळून सात तुकडे खाल्ले, तेही आवराआवरीच्या गडबडीत उभ्या उभ्या.

आता वाटतं, दोन्ही करायला हवं होतं. पिझ्झा यायला पाऊण तास लागणार हे फोनवरच कळलं होतं. दहा मिनिटांत मिळणारं साधं काहीतरी त्या वेळी सन्मानाचंच ठरलं असतं.

उरलेल्याचा प्रश्न राहिला. शिजवलेल्या अन्नाला ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांहून जास्त ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. खूप उकाडा असेल, ३२ अंशांच्या वर, तर एकच तास. आमचे बॉक्स ६.२५ पासून बाहेर होते, म्हणजे ८.२५ पर्यंत ते कोणाच्या तरी फ्रिजमध्ये जायला हवे होते. १८ तुकडे शेजारी राहणाऱ्यांनी नेले. ८ टाकले.

नंतर मांडलेला हिशेब

आले ४७ जण: ४२ मोठी माणसं आणि ५ मुलं. ४६ धरले होते. एका माणसाची चूक. हजेरीच्या अंदाजावर आमचा सगळ्यात जास्त वाद झाला होता आणि तोच सगळ्यात अचूक निघाला. न आलेल्यांत ग्लुटेन टाळणाऱ्या बाईही होत्या.

पहिल्या ऑर्डरचे एकूण तुकडे १२४. त्यांतले २६ उरले, सगळे नॉनव्हेज: दीड मोठा आणि एक लहान. म्हणजे पिझ्झा कमी पडलाच नव्हता.

व्हेज तुकडे ४०. आलेल्या १२ व्हेजवाल्यांपैकी सहा जणांनी तीन-तीन घेतले, म्हणजे १८. बिनचीजवाल्या बाईंना १. उरलेले २१ तुकडे नॉनव्हेज खाणाऱ्या ३५ जणांत गेले, माणशी फार तर एक. पाच जणांना शून्य. जेवढे तुकडे त्यांना लागले असते त्याहून जास्त तुकडे त्यांच्या पुढे उभ्या असलेल्यांनी चव म्हणून घेतले होते.

व्हेजची खरी मागणी अशी होती: बारा जणांचे प्रत्येकी तीन, म्हणजे ३६, अधिक चवीचे २१. एकूण ५७. दिले ४०. तफावत १७.

आणि ती भरायला काय लागलं असतं? एक मोठा आणि एक लहान पिझ्झा नॉनव्हेजऐवजी व्हेज सांगायचा. बारा आणि आठ, वीस तुकडे. ऑर्डरची बेरीज तीच राहिली असती, बॉक्स तेवढेच. व्हेजचा वाटा ३२ टक्क्यांवरून साधारण ४८ टक्क्यांवर गेला असता, आणि नॉनव्हेजवाल्यांनी जेवढं खाल्लं तेवढं त्यांना तरीही पुरून थोडं उरलंच असतं. फॉर्ममध्ये व्हेज २६ टक्के होते म्हणून मी एकतृतीयांशाला उदार समजत होतो.

वेगळं काय करता आलं असतं

प्रमाणाचं वर आलंच. मी आता व्हेजवाल्यांचे तीन-तीन तुकडे मोजतो आणि बाकीच्या दर दोघांमागे एक तुकडा त्यात मिळवतो. आमच्या गटात तो दर दोघांमागे एकापेक्षा जरा जास्तच निघाला, म्हणून मिळवून झाल्यावर वरचा पूर्ण पिझ्झा धरतो.

पण समजा प्रमाण चुकलंच, तरी मांडणीने निम्मं निभावलं असतं. व्हेज बॉक्स टेबलाच्या शेवटी ठेवले असते तर तिथे पोचेपर्यंत बऱ्याच प्लेट भरलेल्या असत्या. किंवा चारांतले दोन बंद ठेवून मागची माणसं आल्यावर उघडले असते. हे मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वाटतं: सगळे बॉक्स एकदम उघडायची गरजच नसते. बंद बॉक्समध्ये पिझ्झा गरमही राहतो.

"फक्त व्हेजवाल्यांसाठी" अशी पाटी लावावी का, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. ताईंना ती नको. त्यांच्या मते त्यामुळे टेबलावर पहारा बसतो आणि व्हेज खाणाऱ्याला आपला प्रकार चारचौघांत जाहीर करावा लागतो. मला त्यांचं पटतं. मात्र बिनचीजच्या बॉक्सवर नाव हवंच, आणि तो टेबलावर न ठेवता थेट त्या व्यक्तीच्या हातात द्यायला हवा. ज्याला दुसरा काही पर्यायच नाही त्याचं जेवण रांगेत ठेवायचं नसतं.

आणि काम करणाऱ्यांना आधी जेवू घालायचं. यासाठी गणित लागत नाही.

पुढचं सत्र

तीन महिन्यांनी पुन्हा सत्र झालं, ३८ जण आले. निम्म्या बॉक्समध्ये व्हेज होतं, त्यांतले दोन मी शेवटपर्यंत बंद ठेवले, खुर्च्या लावणाऱ्यांना पहिल्यांदा बोलावलं. ११ तुकडे उरले, दोन्ही प्रकारचे. ताई म्हणाल्या, "आता जमलं."

त्या पाचांपैकी एक जण, प्लेट परत गठ्ठ्यावर ठेवणाऱ्या, या वेळी येताना घरून डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिझ्झ्याचे तीन तुकडे घेतले. डबा उघडला नाही, पण पिशवीतून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला होता, आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखं हसल्या.